जुनेर नसलेलं घर

मुळशीच्या पावसात धुतलेलं सुती पातळ चार-चार दिवस वाळत नसे. मग ते चुलीवरच्या दांडीवर टाकायचं आणि धुराच्या वासासकट नेसायचं. साठ सालानंतर पुण्याच्या दुकानांत नायलॉन दिसू लागलं तेव्हा मी गावच्या सोसायटीत हिशेबनीस होतो. मोजल्याशिवाय काही घेणं मला जमत नाही. सूत, नायलॉन आणि घोंगडीची लोकर यांचे सारख्या वजनाचे तुकडे भिजवले, निथळवले आणि तराजूत घातले. सुतानं आपल्या वजनाहून जास्त पाणी धरलं होतं, लोकरीनंही बरंच. नायलॉननं जेमतेम. ते संध्याकाळपर्यंत वाळलंही. ओढून पाहिलं, फाटेना.

दोन वर्षांत बायकोची सगळी पातळं नायलॉनची झाली. जुनी सुती पातळं पेटी अडवतात म्हणून मीच ती बोहारणीला द्यायला लावली. त्यांची दोन पातेली आली.

पुढच्या आषाढात थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. नवं कापड तान्ह्या अंगाला खरखरतं, म्हणून लंगोट आणि दुपटी जुनेराची, म्हणजे वापरून मऊ झालेल्या जुन्या सुती पातळाचीच लागतात. बायकोनं पेटी उघडली, तर आत सगळं नायलॉनच. शेवटी तिनं नायलॉनचंच एक पातळ कात्रीनं कापलं.

"आई, हे टिपतच न्हाई," मुलगी म्हणाली. "समदं खाली गादीत जातंय."

दोन-तीन दिवसांत बाळाच्या मांड्या लाल होऊन सोलवटल्या. लंगोट बदलताना ते कळवळून रडायचं.

"शेजारून जुनेर मागून आणू का?" मी बायकोला विचारलं.

"आन् काय सांगाल? लेकीचं पहिलं बाळंतपण, न् हिशेबनिसाच्या घरात फाटकं न्हाई?"

मी आतून माझी धोतरं आणली. सगळी सुती. सोसायटीतल्या एकाचा टेरिलीनचा सदरा मी मागं अर्धा दिवस घालून पाहिला होता. घाम जिरेना, म्हणून परत केला. तिच्या पातळांच्या वेळी घाम मी मोजलाच नव्हता, हे धोतरं हातात असताना ध्यानात आलं.

तिनं त्यातलं सगळ्यांत विरलेलं उचललं आणि टराटरा फाडलं.

"तुला उकडतं का गं यात?" मी तिच्या पदराकडे बघत विचारलं.

"आत्ता इचारताय व्हय? चुलीम्होरं बसलं की पाठीला चिकटतंय. ठिणगी उडली की भोक."

"मग बोलायचं नाही का?"

"तुमी तराजूत घालून आणलेलं. मी काय बोलणार?"

बाळाच्या मांड्या आठवड्यात सुधारल्या. मी पुण्याहून दोन सुती पातळं आणली. ती तिनं मुलीला दिली. आपली नायलॉनची फाटल्याशिवाय टाकायची नाहीत, असं तिचं म्हणणं. पुढं कित्येक उन्हाळे ती चुलीपाशी तीच नेसून बसली, आणि ती फाटत नव्हती.