तिला बसवू नका, हे कुणी सांगितलं नाही

लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि माझ्याकडं न बघताच सांगितलं, "अकॉन्ड्रोप्लाझिया आहे. मुलगी बुटकी राहणार. गोळ्यांनी बरं होणारं नाही हे." मग पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

स्वरा तेव्हा चार महिन्यांची होती.

या आजारात हाडांची लांबी पुरेशी वाढत नाही. दंड आणि मांड्या आखूड राहतात, डोकं मोठं दिसतं. बुद्धी इतर मुलांसारखीच असते. हे सगळं मला घरी मोबाईलवर वाचून कळलं.

चाकूरला घरी पोचलो तर सासूबाईंनी दारातच विचारलं, "तुमच्या माहेरी, धर्माबादकडं कोन व्हतं गं असं?"

कुणीच नव्हतं. इकडंही नव्हतं. बहुतेक वेळा सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटीच असं बाळ येतं; जनुकात आपोआप बदल होतो, दोष कुणाचा नसतो. माझा नवरा हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. त्याला हे माझ्याआधी कळलं असणार. तो बराच वेळ चपला काढत राहिला.

सासूबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. तेलमालीश त्याच करायच्या. स्वरा सातव्या महिन्यातही बसेना, तेव्हा त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि मागं लोड ठेवला. "बसवल्याबिगर पाठ कशी धरंल?" त्या म्हणायच्या. रोज अर्धा-अर्धा तास. मीही तिचा बसलेला फोटो काढून भावाला पाठवला होता.

एका दुपारी मी तूर निवडत होते. स्वरा शेजारी झोपली होती. तिचं घोरणं एकदम थांबलं. छाती हलेना. ओठ निळसर झाले. मी तिला उचलून हलवलं, तेव्हा कुठं तिनं श्वास ओढला.

लातूरचे तेच डॉक्टर म्हणाले, "सर्दी आहे. वाफ द्या."

आठवड्यात पुन्हा तसंच झालं. नवरा म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं ना सर्दी हाय म्हणून." मी भावाला फोन लावला. तो धर्माबादहून आला आणि आम्हाला नांदेडला घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी स्वराचं पाऊल हातात घेऊन वर दाबलं. पाऊल थरथरायला लागलं, थांबेना. मग त्यांनी विचारलं, "हिला बसवता का?"

"हो," मी कौतुकानं सांगितलं. "उशा लावून. रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बसवायचं नसतं, हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

अशा बाळांचं डोकं जड आणि पाठ कमजोर असते. लवकर बसवलं तर पाठीला बाक येतो. तिला आला होता. त्याहून वाईट म्हणजे, कवटीच्या तळाशी जिथून मज्जारज्जू खाली उतरतो ते भोक, फोरेमेन मॅग्नम, फार अरुंद होतं. तिथं मज्जारज्जू दबत होता, म्हणून श्वास थांबत होता आणि पाऊल थरथरत होतं. एमआरआयमध्ये ते स्पष्ट दिसलं.

ऑपरेशन हैदराबादला झालं. हाड कोरून वाट मोठी केली. श्वास सुधारला. पाठीला दीड वर्ष पट्टा होता. बाक कमी झाला, पण गेला नाही.

घरी सगळं सांगितल्यावर सासूबाई रडल्या. "आमी तं चांगल्यासाठीच केलं." मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. बसवू नका एवढं न सांगून लातूरच्या डॉक्टरांनी आपली पाच मिनिटं वाचवली होती, त्याचा राग मी सासूबाईंवर काढत होते. थोडा स्वतःवरही.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर ऐका. ते आपणहून बसेपर्यंत त्याला बसवू नका. वॉकरमध्ये घालू नका. मान सावरून उचला. श्वास अडखळला, पाय थरथरले, तर सर्दी म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टर बेल वाजवतील. तरी उठू नका.

स्वरा आता दुसरीत आहे. पाढे सगळ्यांच्या आधी म्हणते. यंदा गॅदरिंगच्या आधी शाळेनं बोलावलं. मी आणि सासूबाई गेलो. सर हसत म्हणाले, "हिला जोकर करू. पब्लिक लई हसंल."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "सर, तुमची नात असती तर तिला केलं असतं का जोकर?"

सर म्हणाले, "आज्जी, तुम्ही लई मनावर घेऊन राहिल्या."

"घ्यावंच लागतं," त्या म्हणाल्या. "आमी नीट मनावर न्हाई घेतलं, म्हणून पोरीची पाठ वाकडी झाली."

हे त्या पहिल्यांदाच बोलल्या, तेही परक्या माणसासमोर. येताना स्वराचा हात त्यांच्या हातात होता आणि दप्तर माझ्या खांद्यावर. माफ केलं का, तर नाही. नवऱ्यालाही नाही. पण घरी आल्यावर मी दोघींसाठी चहा टाकला आणि त्यांच्याजवळ बसून प्याले.