भाऊजींनी न उसवलेली गोधडी

मुलांनो, तुमचे चुलत आजोबा गेल्या महिन्यात गेले. व्हिडिओ कॉलवर तुमच्या स्वेटरची वीण न्याहाळणारे म्हातारे, एवढीच तुमची त्यांची ओळख. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते.

माणसाचा चेहरा विसरून त्याचं कापड लक्षात ठेवणारा दुसरा मनुष्य अख्ख्या पालघरात झाला नाही. भाऊजी, म्हणजे हे माझे दीर, प्राचीन वस्त्रांचे अभ्यासक. खापरावर उमटलेला कापडाचा ठसा, तांब्याच्या गंजाला चिकटलेला धागा, एवढ्यावर ते संध्याकाळ काढत. खिशात कायम भिंग. लग्नात अक्षता मुठीतच राहत आणि हे नवरीच्या शालूचे धागे मोजत. सातपाटीच्या बाजारात टोपलीवरचं फडकं उलटंपालटं करू लागले, तेव्हा कोळीण म्हणाली, "काका, मासली खाली हाय. फडकं शिजवनार काय?" भाऊजी म्हणाले, "बाई, वीण फार सुरेख आहे हो," आणि पापलेट न घेताच घरी आले.

त्यांचा ध्यास एकच. जुन्या खापरावर त्यांना एक वीण सापडली होती. तीच आपल्या किनाऱ्यावरच्या हातमागांवर त्यांच्या आजीच्या काळापर्यंत टिकून होती, असं ते म्हणत. विद्वान हसत आणि पुरावा मागत. आजीचं तसलं जाडंभरडं लुगडं पेटीतून कधीच नाहीसं झालेलं. आपल्याकडे जुनेर टाकत नाहीत, गोधडीच्या पोटात घालतात. म्हणून भाऊजी बोईसरपासून सफाळ्यापर्यंत लोकांच्या गोधड्या चाचपत हिंडले.

एकदा असेच हात हलवत परतले, तर माझी जाऊ (ती इथल्याच दांडी गावची) म्हणाली, "अवो, गावं कशाला पालथी घालता? आजीचं लुगडं मी कवाच आपल्या गोधडीत घातलंय. रोज तेच तर पांगरता!"

भाऊजी कात्री घेऊन धावले. ती गोधडीवर फतकल मारून बसली. "मी हाय तवर एक टाका उसवायचा नाय. अख्खा पावसाळा शिवलीय मी!" आम्ही पोट धरधरून हसलो.

ती गेली, आणि अडवणारं कुणी उरलं नाही. त्या विणीवरचा लेख लिहून तयार होता, पुरावा तेवढा जोडायचा होता. वर्षभराने भाऊजी गोधडी घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही उसवा. माझा हात होत नाही."

मी कडेचा एक टाका कापला.

"राहू द्या," ते म्हणाले आणि त्यांनी सुईदोरा मागितला. जन्मभर धाग्यांत घालवलेल्या त्या माणसाला सुईत दोरा ओवता येईना. ओवून मी दिला. टाका त्यांनीच घातला, वाकडातिकडा.

लेख छापला गेला नाही. त्यांचं म्हणणं कुणी मानलं नाही, याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. मला अजून आहे.

गोधडी माझ्या कपाटात आहे. टाके सगळे शाबूत आहेत.