प्रस्थान आणि व्हॅनचं रबर

ज्या काळात बँका स्वतःहून कर्ज घ्या म्हणू लागल्या आणि बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत नव्याकोऱ्या गाड्यांना हार पडू लागले, त्या काळात आमच्या ह्यांनी जुनी व्हॅन आणली. चालायची, नाही असं नाही. पण सरकत्या दाराचं रबर सुटून लोंबत होतं आणि रस्त्यावरची धूळ थेट आत. पलीकडचं दार घेतल्यापासून जामच होतं. त्यातून धूळ येत नव्हती, एवढंच त्याचं कौतुक.

धुळीचं एवढं काय, तर सासूबाईंचा दमा. एकदा बसने तुळजापूरला निघाल्या आणि तासाभरात, पटणचेरूलाच धाप लागून परत आणावं लागलं. त्यानंतर सहा वर्षं मी कुलदेवीची ओटी दुसऱ्यांच्या हाती पाठवत होते. दर वेळी त्या म्हणायच्या, "एकदा माझ्या हाताने भरायची आहे गं." व्हॅन घेतली ती त्यासाठीच.

"मिस्त्रीला बोलवा," मी म्हटलं.

"रबर चिकटवायला मिस्त्री कशाला?"

झालं! निघायच्या आदल्या दिवशी सकाळी हे कोठीच्या बाजारातून आणलेला डिंकाचा डबा घेऊन बसले. रबराला, चौकटीला, दाराला, स्वतःच्या लुंगीला, सगळीकडे थापला. "संध्याकाळपर्यंत दार उघडंच राहू दे, कुणी हात लावाल तर याद राखा," असा दम देऊन आंघोळीला गेले.

इकडे पंचांगात मुहूर्त होता त्याच सकाळी दहाचा. अशा वेळी आमच्यात प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर एखादं गाठोडं घराबाहेर ठेवायचं, की प्रवास सुरू झाला असं धरायचं, मग माणूस सवडीने निघतो. सासूबाई ओटीचं गाठोडं घेऊन व्हॅनपाशी गेल्या. गाठोडंच कशाला, आपणही बसू घटकाभर, असं त्यांच्या मनात आलं. बसल्या. तेवढ्यात झाडूवाली रस्ता झाडत आली, धुरळा उडाला, आणि त्यांनी सरळ दार ओढून घेतलं. स्तोत्र म्हणता म्हणता डोळा लागला.

मी चहाला बोलवायला गेले तर दार उघडेना. हे ओल्या अंगाने, टॉवेलवर धावत आले, पाय लावून ओढलं, तरी ढिम्म. गल्ली जमली. शेवटी मिस्त्री आलाच. त्याने फटीवरून बोट फिरवलं.

"क्या साब, पूरा डब्बा लगा दिए क्या? अब खींचे तो रबर फट जाता. नया आने को आठ दिन."

मी अशी भडकले म्हणून सांगू! "घ्या, करा अजून स्वतः! आयुष्यात एक काम धड केलंय का?" भर गल्लीत बोलले. ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

"आई, पुढच्या सीटवरून बाहेर ये," हे पडेल आवाजात म्हणाले. "पुढच्या महिन्यात जाऊ."

"पुढच्या महिन्याची खात्री आहे का तुला?" खिडकीतून आवाज आला. "अरे, त्या पलीकडच्या दारातून धूळ येते का? नाही ना? मग हेही राहू दे तसंच. माझं प्रस्थान झालंय, आता मी उतरत नाही. घराला कुलूप लाव."

ह्यांनी एसटीडी बूथवरून ऑफिसात एका दिवसाची जास्तीची रजा कळवली. मी दहीभात बांधला आणि ड्रायव्हरच्या सीटवरून, साडी सावरत, मागे जाऊन बसले. मिस्त्री कपाळावर हात मारून हसत होता.

झहीराबादच्या पुढे रस्ता खणलेला. समोरून खडीचा ट्रक आला आणि काचेबाहेर सगळं धुळीने लाल झालं. मी श्वास रोखून सासूबाईंकडे बघितलं. ह्यांनीही मान वळवली.

"माझ्याकडे काय बघतोस मेल्या? समोर बघ!" त्या ओरडल्या. खोकला मात्र आला नाही.

तुळजापुरात हे पुढून ओढतायत, मी मागून ढकलतेय, अशा त्या नऊवारीत सीट ओलांडून उतरल्या. मंदिरात त्यांनी स्वतःच्या हाताने ओटी भरली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, काय मागितलंत देवीकडे?"

"मागायचं काय गं? यायचं होतं, आले."

मी रडले तिथे, पायरीवर बसून, चक्क भोकाड पसरून. हे विचारत होते, "आता काय झालं?"