सबिहा आणि अकरा वर्षांची तूर

हार्डडिस्क तिसऱ्यांदा टकटकली आणि सबिहानं वायर उपसून काढली.

"बंद का केलं?" समोरच्या स्टुलावरून भुजंग कदम अर्धवट उठले.

"मामा, आवाज ऐकला ना? हा आवाज आला की मी बंदच करते."

नांदेडच्या वजिराबादेतलं सबिहाचं दुकान एवढंसं. उघडलेले लॅपटॉप, गुंडाळलेल्या केबली, भिंतीला टेकून ठेवलेले जुने मॉनिटर. त्यातून उरलेल्या जागेत भुजंगराव आणि त्यांची मुलगी ऋतुजा दाटीवाटीनं बसले होते. लोह्याजवळच्या गावाहून ते पहिल्या एसटीनं आले होते, आणि आल्यापासून भुजंगरावांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नव्हती. आज मंगळवार. गुरुवारी सकाळी त्यांच्या शेतावर तपासणीचं पथक येणार होतं.

अकरा वर्षांपूर्वी मर रोगानं त्यांचं तुरीचं सगळं वावर वाळून गेलं, तेव्हा मधोमध एकच झाड हिरवं उभं राहिलं. भुजंगरावांनी त्याचं बी वेगळं काढलं, वेगळं पेरलं. पुढच्या वर्षी त्यातलं चांगलं तेवढं निवडून पुन्हा पेरलं. फूल किती दिवसांनी आलं, झाडाला शेंगा किती, किती झाडं मेली, हे सगळं ते वहीत लिहीत आणि ऋतुजा ते घरच्या कॉम्प्युटरवर चढवी. दर आठवड्याला फोटो काढी. आता तिचं कृषी पदवीचं शेवटचं वर्ष होतं, आणि तिनंच अर्ज भरून हे वाण बापाच्या नावावर नोंदवायला घेतलं होतं. पथकाला सगळ्या वर्षांच्या नोंदी दाखवायच्या होत्या. त्या अर्जासोबत जोडायच्या राहिल्या होत्या. अन् पंधरा दिवसांपूर्वी, घराला चुना देताना टेबल सरकवलं आणि कॉम्प्युटर खाली पडला.

"वह्या असतील ना?" सबिहानं विचारलं.

ऋतुजानं मान खाली घातली. "दिवाळीच्या साफसफाईत मीच रद्दीत दिल्या. म्हटलं, सगळं कॉम्प्युटरात हाय."

भुजंगरावांनी मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. रागवायचं ते घरीच रागावून झालं असावं.

"पडल्यावर कोणी चालू करून पाहिला?"

"तालुक्याला एकानं पाहिला. दुरुस्तीचा प्रोग्राम लावून दिवसभर चालू ठेवला होता."

बाजूची एक मेलेली डिस्क उघडून सबिहानं दोघांसमोर धरली. "हे बघा. आत आरशासारखी तबकडी असते. ती फिरती आणि ही सुई तिच्यावरून वाचत जाती, पण टेकत न्हाई. केसाएवढंही न्हाई. तुमच्या डिस्कची सुई दुखावली हाय. मी पुन्हा वीज दिली आणि ती टेकली, तर तबकडी खरवडती. खरवडलेलं मग कोणालाच वाचता येत न्हाई. हैदराबादला लॅब हाय, तिथं सुई बदलून काढतात. तीन आठवडे लागतील."

"गुरुवारी पथक येतंय, बाई. तीन आठवडे कुठून आणू?"

"मग इथं प्रयत्न करू. पण आधी ऐकून घ्या."

डिस्कमधलं काही गेलं तर दुकान जबाबदार नाही, असा छापील कागद तिनं पुढे सरकवला. भुजंगरावांनी तो वाचला आणि त्यांचा आवाज चढला. "म्हणजे सही घ्यायची अन् हात झटकून मोकळं व्हायचं. इथून तिथून समदे सारखेच."

"सही नंतर करा. काय काय जाऊ शकतं, ते आधी तुमच्या तोंडानं मला सांगा."

"मी सांगू? दुकान तुमचं हाय का माझं?"

सबिहानं कागद तसाच समोर राहू दिला. गिऱ्हाईक चिडतं हे तिला नवं नव्हतं. काहीजण उठून जात, बाजारात तिला 'भीती घालणारी बाई' म्हणत. तरी ती हे सोडत नव्हती, त्याला कारण होतं.

लग्नाआधी ती लातूरला एका दुकानात कामाला होती. शिवशंकर स्वामी नावाचे रिटायर मास्तर तिथं कॉम्प्युटर घेऊन आले. फार हळू चालतो म्हणाले. सबिहानं विचारलं, "सर, बॅकअप हाय ना?" मास्तर म्हणाले, "हाव, हाय की, चांगला अर्ध्या तासाचा हाय." तिचं अर्धं लक्ष दुसऱ्या मशिनीत होतं. शेवटचे शब्द तिच्या कानावरून गेले. तिनं डिस्क फॉरमॅट केली, नवं विंडोज टाकलं. दुसऱ्या दिवशी मास्तर परत आले आणि शांतपणे विचारू लागले, की मंडळींचा आवाज कोणत्या फाईलीत ठेवलाय. त्यांची बायको कॅन्सरनं गेली होती. शेवटच्या महिन्यात तिनं परदेशातल्या मुलीसाठी रोज थोडं थोडं बोलून ठेवलं होतं. मास्तरांच्या लेखी बॅकअप म्हणजे लाईट गेल्यावर चालणारी यूपीएसची बॅटरी.

तिनं आठ दिवस ती डिस्क धुंडाळून पाहिली. हाती आले ते सतरा सेकंद, आणि त्यातही नुसता खोकला. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमची चूक न्हाई बेटा, तुम्ही विचारलं होतं." त्या वाक्यानं तिला अजूनही झोपेतून जाग येई.

म्हणून ती आता गिऱ्हाइकाचं नुसतं 'हाव' पुरेसं धरत नसे. त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पेचकस उचलत नसे.

भुजंगरावांनी ती उघडी डिस्क हातात घेऊन पाहिली. मग जड आवाजात म्हणाले, "ह्यात माझी अकरा सालं हायत. तुम्ही चालू केलं तर थोडी येतील, किंवा एकही येणार न्हाई. अन् एकदा खरवडली, की हैदराबादवालाही काही करू शकणार न्हाई." त्यांनी मान वर केली. "बरोबर हाय का?"

"बरोबर हाय, मामा."

त्यांनी सही केली.

सबिहानं डिस्क वेगळ्या मशीनला जोडली. ही मशीन दुरुस्ती करत नाही, नुसती प्रत काढते. जिथं अडतं तो भाग सोडून पुढे जाते. तिनं ऋतुजाला जवळ बसवून नोंदींचं फोल्डर कुठं होतं ते विचारून घेतलं आणि वीज दिली. डिस्क फिरली. एक टक. मग आवाज सरळ झाला, आकडे हलू लागले.

पहिल्या वर्षाची फाईल आली. दुसऱ्या वर्षाची आली. पंख्याची हवा डिस्कवर यावी म्हणून सबिहानं टेबल सरकवायला घेतलं आणि पडण्याची गोष्ट आठवून तसंच सोडलं. पंखाच ओढून घेतला.

दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरनं भार घेतला, पण त्या एका क्षणात ऋतुजाच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. आकडे थांबले नाहीत. सबिहानं दुकानातलं बाकी सगळं बंद केलं, पंखासुद्धा, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं डिस्कला वारा घालत बसली. पाच वर्षांच्या फायली आल्या. सहा. आठव्या वर्षाच्या नोंदी आल्या तेव्हा भुजंगरावांनी पिशवी पहिल्यांदा खाली ठेवली.

आणि मग आवाज बदलला. आता टकटक नव्हती. सरपटल्यासारखं काहीतरी, बारीक. सबिहाचा हात आपोआप वायरीवर गेला.

"मामा, राहिलेली तीन सालं खराब भागात हायत. चालू ठेवलं तर कदाचित येतील. पण सुई टेकायला लागली, असं मला वाटतंय. आता थांबलो तर लॅबला काहीतरी उरंल."

"थांबू नका," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ताई, माझ्यामुळं गेलंय हे. तीनच तर राहिलीत. पथकाला काय दाखवायचं?"

सरपटणं पुन्हा ऐकू आलं. सबिहा भुजंगरावांकडे पाहत होती. डिस्क त्यांची, तूर त्यांची. निर्णय तिला घेता येत नव्हता. आणि एक एक क्षण आत काहीतरी खरवडत होता.

"बंद करा," भुजंगराव म्हणाले.

"बाबा–"

"बंद करा, बाई. हाती आलं ते आलं."

सबिहानं वायर काढली. आठ वर्षांच्या नोंदी तिनं दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घालून दिल्या, एक बापाजवळ, एक लेकीजवळ, आणि घरी जाताना एकाच पिशवीत ठेवायचे नाहीत असं बजावलं. डिस्क फोममध्ये गुंडाळून हैदराबादला गेली.

गुरुवारी पथक आलं. ऋतुजानं राहिलेली तीन वर्षं बापाला विचारून लिहून काढली होती, आणि भुजंगरावांनी त्या पानांवर तिला मोठ्या अक्षरात 'आठवणीतून' असं लिहायला लावलं होतं. पथकातल्या अधिकारी बाईंनी ती पानं बाजूला ठेवली. आठ वर्षांच्या नोंदी आणि शेंगांनी लगडलेलं वावर दोन्ही निरखून पाहिलं, आणि आणखी दोन हंगाम पाहू, असं सांगितलं. अर्ज फेटाळला नाही.

तीन आठवड्यांनी लॅबचा निरोप आला. तीनपैकी एकच वर्ष निघालं होतं. तबकडीला चरा होता. तो घरी पडताना गेला, तालुक्याला गेला, की सबिहाच्या टेबलावर, हे लॅबवाल्यांना सांगता येत नव्हतं.

भुजंगरावांनी हे विचारलं नसतं. सबिहानं स्वतःहून फोन लावला आणि सगळं सांगितलं, आपल्या टेबलावर चरा गेला असू शकतो हेही. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ते वावरात असावेत.

"कोणतं साल निघालं?" त्यांनी विचारलं.

"एकवीस."

"एकवीसला मर लई होती. शेजारच्या बजरंगचं वावर सगळं वाळलं, अन् ही तूर उभी राहिली." ते म्हणाले. "तेवढं एक पाहिजेच होतं, बाई."

सबिहानं फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक बंद पडलेला लॅपटॉप छातीशी धरून उभं होतं. तिनं त्याला स्टूल दाखवलं आणि छापील कागद काढला.