पूजा संपेपर्यंत

मूर्खपणा मी आयुष्यभर हौसेनं केला, पण एका मूर्खपणाची आठवण आली की अजून जीभ चावते. सहा वर्षांच्या लेकराला मी सांगितलं होतं, "बाबा पूजेला बसलेत. गप बसायचं. आवाज न्हाई करायचा."

बाबा म्हणजे माझा धाकटा दीर. लातुरात त्याचं किराणा दुकान. सकाळी शटर उघडताना छातीत कळ आली आणि तिथंच संपलं. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला भस्म लावून, हार घालून बसवतात आणि बसलेल्या स्थितीतच मातीत ठेवतात. त्याच्या पोरीनं दारातून बघितलं. रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे, तसेच बाबा बसलेले.

"बाबा काय करायलेत?" तिनं विचारलं.

रडणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी थोरली जाऊ, पन्नाशीची, गल्लीभर फुकट सल्ले वाटणारी. उत्तर माझ्या जिभेवर तयारच! वर स्वतःवर खूश, की बघा, लेकरू कसं शांत केलं.

शांत झालं ते झालंच. पाहुणे पांगले, शाळा सुरू झाली, पोर बोलेना. हो-नाही मानेनं. खोकला आला की उशीत तोंड खुपसायची. पायातले पैंजणसुद्धा तिनं काढून ठेवले. रोज सकाळी मी काहीतरी निमित्त काढून मायलेकींच्या घरी जायची आणि आत शिरण्याआधी दारात कान देऊन उभी राहायची. आत नुसता भांड्यांचा आवाज. या पोरीची वाचा कायमची गेली की काय, या धास्तीनं मला घास उतरेना. नजर उतरवली, अंगारा लावला. घसा दाखवला, तो ठणठणीत निघाला.

शेवटी मी, पोरीची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि पोर एसटीनं नांदेडला गेलो, लेकरांच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. पोरीला बाहेर खेळण्यांपाशी बसवून त्यांनी विचारलं, "घरी तिला कुणी गप्प राहायला सांगितलं होतं का?"

"न्हाई हो," जाऊ म्हणाली.

मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता एकदम मन लावून वाचायला लागले. पोलिओपर्यंत पोचले आणि घाम फुटला. मग सांगितलं सगळं. जाऊनं खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.

बाई म्हणाल्या, "मग खरंही तुम्हीच सांगा. झोपलेत, देवाघरी गेलेत, असलं नको. मेले म्हणा."

"आमच्यात लिंगैक्य झाले म्हणतात."

"तिला कळतं का ते?"

बाहेरच्या बाकड्यावर मी तिला मांडीवर घेतलं. तोंड उघडलं तर माझा आवाज सवयीनं खणखणीत. तिनं घाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, कानात, कुजबुजत: "मोठ्याई, हळू. बाबांची पूजा व्हायचीय."

मला पळून जावंसं वाटलं. पण मांडीवर ती होती.

"पूजा न्हाई बाळा. बाबा मेले. मी खोटं बोलले तुला."

"बसले होते की!"

"मेल्यावर बसवतात आपल्यात. त्यांचा श्वास थांबला. आता त्यांना काही ऐकू येत न्हाई, काही दुखत न्हाई. ते परत येणार न्हाईत. तू बोललीस म्हणून काही बिघडत न्हाई."

ती मांडीवरून खाली उतरली. मग अशी किंचाळली, की कंपाउंडर धावत आला. मुठींनी मला बडवलं, "खोटारडी! खोटारडी!" सगळा दवाखाना माझ्याकडे बघत होता. मी मार खात बसले. भीती ही, की रडून झाल्यावर पुन्हा गप्प झाली तर?

परतीच्या गाडीत पोर हुंदके देत झोपून गेली. जाऊ लातूरपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलेली. स्टँडवर उतरून, पोरीला खांद्यावर घेऊन ती रिक्षात बसली आणि म्हणाली, "अक्का, लई राग आलाय तुमचा. तोंड बघू वाटंना. पण उद्या सकाळी या. भांडायला का हुईना, तुम्हाला बघून तोंड उघडंल ती."