शिवेवरची मरीआई

मरीआईवर माझा राग होता, खोटं कशाला बोलू? जिला लोक हात जोडतात आणि लगेच लाकडी गाड्यात बसवून शेजारच्या गावच्या हद्दीत लोटून देतात, ती कसली आई, असं मला वाटायचं. माझं माहेर वऱ्हाडात, इंग्रजाच्या अंमलात. सासर धावडा गावाच्या अंगाला, निजामाच्या मोगलाईत. पटकीची साथ आली की आमचे सासरचे म्हणायचे, रोग वऱ्हाडातून आला. पलीकडचे म्हणायचे, मोगलाईतून. आणि देवीचा गाडा शिवेवरून इकडून तिकडं लोटला जायचा.

त्या साली मी गंगीला घेऊन भावाच्या बैलगाडीतून माहेराहून परतत होते. पोर नुकतीच चालायला लागलेली. वाटेतच तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. कधी एकदा घर येतं असं झालं होतं, आणि पोचलो तर सासरचं गाव बांधलेलं! गावाभोवती मंतरलेलं सूत. दिवस मावळेपर्यंत कुणी आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही, थेंबभर पाणीसुद्धा सुताबाहेर द्यायचं नाही. सुतापलीकडं गंगीचा बाप रडत उभा होता, दोघांनी त्याचे दंड धरून ठेवले होते. "वऱ्हाडातून आजार घेऊन आली हाय ती," माझे सासरेच म्हणाले. "दिवस मावळस्तोवर शिवेवरच थांब, बाई. माझा विलाज न्हाई." तोवर माझी पोर राहिली असती का?

भाऊ पाणी शोधायला ओढ्याकडं पळाला. मी शिवेवरच्या कडुलिंबाखाली टेकले. तिथंच आमच्या गावानं सकाळी लोटून दिलेला गाडा उभा होता. खणात गुंडाळलेली मूर्ती, पुढं लिंबं आणि हिरव्या बांगड्या. गंगीचे डोळे पार खोल गेले होते. मी मूर्तीला म्हणाले, "बये, तुलाबी घर न्हाई अन् मलाबी न्हाई. आता तूच बघ." एवढं बोलले आणि आतून रिकामीच झाले. राग गेला, भीतीही गेली.

तेवढ्यात शिवेपलीकडच्या वऱ्हाडातल्या गावची माणसं काठ्या घेऊन गाडा परत लोटायला आली. आली आणि जागच्या जागी थिजली. माझं माहेरचं हिरवं लुगडं, सुटलेले केस, कपाळभर ओघळलेलं कुंकू, मांडीवर लेकरू आणि शेजारी गाडा. काठ्या टाकून सगळे पालथे पडले. "आई, चुकलो गं!" मला काही कळेना. तोंडातून एकच शब्द निघाला, "पाणी."

मग काय सांगू! घागरी आल्या, मीठ घातलेली भाताची पेज आली. एक म्हातारी गंगीला मांडीवर घेऊन पळीपळीनं पाजत बसली. पुष्कळ वेळानं पोर रडली, आणि त्या रडण्यानं माझ्या जिवात जीव आला. इतक्यात भाऊ "ताई, ताई" करत आला आणि माझं सासर त्या सुतापलीकडं असल्याचं सांगून बसला. एक जण भडकला, "अरे, ही तं मोगलाईतली बाई! फसलो की!"

म्हातारीनं पळी खाली ठेवली नाही. "मागितलं आईनं, दिलं आपण. आता परत घेता का रे?"

गाड्याला कुणी हातही लावला नाही. दिवस मावळल्यावर सूत सोडलं आणि गंगीचा बाप धावत आला, त्या म्हातारीच्या पायांवर पडला. मरीआई तिथंच लिंबाखाली राहिली. आता दोन्ही गावांचा नैवेद्य तिला जातो.

लोक विचारतात, त्या दिवशी तुझ्या अंगात आई आल्ती का? मला न्हाई ठाऊक. गावाबाहेर काढलेल्या आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, आणि माझं लेकरू जगलं, एवढंच मी जाणते. अजूनही जीव घाबरा झाला की मी तिथं जाते. मागत काही नाही. नुसती तिच्या शेजारी बसते.