देव्हाऱ्यातला रुपया आणि रीलवाल्यांचे लाखो

नाणी जमवणाऱ्या मंडळींनो, आज मी भयंकर चिडलोय.

माझा धाकटा भाऊ इथे सुरतेत, कतारगामला हिरे पॉलिशच्या कारखान्यात आहे. दुपारी घरी आला आणि माझ्या हातावर चांदीचा रुपया ठेवला. एका बाजूला सन आणि अक्षरं, दुसरी बाजू पूर्ण कोरी.

“दादा, टांकसाळीची चूक आहे. रीलमध्ये सांगतात, असल्याला लाखो मिळतात.”

मी काट्यावर ठेवला. टांकसाळीत एखादी बाजू छापायची राहिली तरी चांदी कुठे जात नाही, वजन पूर्ण भरतं. हा चांगलाच हलका निघाला. कोऱ्या बाजूवर भिंगातून बारीक रेघा दिसल्या, सगळ्या एकाच दिशेने. म्हणजे पॉलिशच्या चाकावर घासलेला.

मग छापाची बाजू पाहिली. अक्षरांच्या खाचांत हळदकुंकू बसलं होतं.

“हा आईचा लक्ष्मीपूजनाचा रुपया आहे ना?”

तो खाली बघत म्हणाला, “ती बाजू तशीही झिजलेलीच होती.”

झिजणारच. आई दर दिवाळीला चिंच लावून घासते तो. त्या झिजेला कुणी लाखो देणार नव्हतं, पण ती आमची होती.

लाखोंची स्वप्नं विकणाऱ्या त्या रीलवाल्यांपैकी एकालाही सांगता येत नाही, की आधी वजन करून बघा?

रुपया उजळून आणतो, असं सांगून भावाने तो आईकडून नेला होता. आत्ताच तिने स्वयंपाकघरातून आमच्या अहिराणीत विचारलं, “रुपया चमकना का रे?”

काय सांगू तिला?